दूर पल्ल्याचा स्वार

घोड्याची परीक्षा दोन ठिकाणी होते. एक परीक्षा शर्यतीच्या मैदानावर होते. तेथे घोडा दोन-तीन मिनिटे वाऱ्याच्या वेगाने धावतो. हजारो प्रेक्षक त्याचा जयघोष करतात आणि जिंकणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत झळकते. दुसरी परीक्षा लांबच्या वाटेवर होते. तेथे टाळ्या वाजवणारे कोणी नसते. आज दिवसभर चाललेल्या घोड्याला उद्याही चालायचे असते, परवाही चालायचे असते. कधी डोंगराच्या चढणीवरून, कधी तापलेल्या वाळूतून, तर कधी दलदलीच्या कडेकडेने. या वाटेवर नुसता वेग कामास येत नाही. घोड्याच्या अंगी काटकपणा आणि स्वाराच्या अंगी संयम असावा लागतो. घोडा आज किती पळेल, याचाच विचार करणारा स्वार लवकरच पायी चालू लागतो. घोडा उद्या सकाळी ताजातवाना कसा उठेल, याची चिंता वाहणारा स्वारच मुक्कामास पोचतो. हे सत्य विसाव्या शतकात ज्याने जगाला प्रत्यक्ष दाखवून दिले, तो कोणी सेनापती नव्हता, की नामांकित शर्यतपटूही नव्हता. तो एक साधा शाळामास्तर होता. त्याचे नाव एमे फेलिक्स चिफेली.

चिफेलीचा जन्म १८९५ साली स्वित्झर्लंडमध्ये झाला. तरुणपणी तो इंग्लंडला गेला आणि तेथे त्याने शिक्षकाचा व्यवसाय पत्करला. पुढे समुद्र ओलांडून तो दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना देशात पोचला आणि ब्वेनोस आइरेस या राजधानीजवळच्या किल्मेस गावी एका इंग्रजी शाळेत शिकवू लागला. नोकरी चांगली होती, मान होता, पोटापाण्याची चिंता नव्हती. परंतु तेच वर्ग, तेच धडे आणि तेच वेळापत्रक यांत आपले सारे आयुष्य सरून जाईल, हा विचार त्याला अस्वस्थ करू लागला. सुट्टी लागली की तो घोड्यावर मांड ठोके आणि अर्जेंटिनाच्या अफाट गवताळ मैदानांत दूरवर भटकून येई. या मैदानांना पंपास म्हणतात. तेथील गुराखी, त्यांचे खडतर जीवन आणि त्यांचे घोडे यांची त्याला विलक्षण ओढ लागली.

त्या घोड्यांचा इतिहासही मोठा मनोरंजक आहे. अमेरिका खंडात युरोपीय लोक गेले, त्या काळी तेथे घोडा नव्हता. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी जहाजांतून आपले घोडे तेथे नेले. १५३६ साली ब्वेनोस आइरेसची पहिली वसाहत वसली. पण उपासमार आणि तेथील मूळ रहिवाशांशी झालेला संघर्ष यांमुळे ती अवघ्या काही वर्षांत मोडली. वसाहतवाले निघून गेले, काही घोडे मात्र मोकळ्या रानात राहिले. त्यांची प्रजा पंपासवर वाढत गेली. त्यांना ना पागा होती, ना चंदी, ना खरारा. उन्हाळ्यातील अवर्षण, हिवाळ्यातील बोचरे वारे आणि हिंस्र श्वापदे यांतून जे तगले, त्यांचाच वंश पुढे चालला. अशा रीतीने तीन-चार शतकांत निसर्गाने एक काटक जात घडवली. तिला क्रिओयो असे नाव पडले. हा घोडा उंचीने बेताचा, हाडापेराने मजबूत, खुरांनी कणखर आणि थोड्या चाऱ्यावर भागवणारा असतो.

परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अर्जेंटिनातील श्रीमंत जमीनदारांना युरोपातून आणलेल्या उंच, देखण्या आणि वेगवान घोड्यांचा मोह पडला. देशी घोड्यांचा त्यांच्याशी संकर होऊ लागला आणि शुद्ध क्रिओयो दुर्मिळ होऊ लागला. गावठी तट्टू म्हणून लोक त्याची हेटाळणी करू लागले. हा ठेवा नष्ट होऊ नये म्हणून झटणाऱ्यांत डॉक्टर एमिलियो सोलानेत हे पशुवैद्य आघाडीवर होते. दूर दक्षिणेच्या पॅटागोनिया प्रदेशातील तेहुएल्चे लोकांकडून त्यांनी अस्सल क्रिओयो घोडे मिळवले आणि आपल्या एल कार्दाल नावाच्या शेतवाडीवर त्यांची जोपासना चालवली. १९२३ साली या जातीच्या पैदासकारांचा संघही स्थापन झाला. तथापि नुसत्या नोंदवह्यांनी लोकांचे मन वळत नव्हते. कोणीतरी या घोड्याचे सामर्थ्य सर्वांच्या डोळ्यांदेखत सिद्ध करून दाखवणे अवश्य होते.

याच सुमारास चिफेली सोलानेत यांना भेटला. ब्वेनोस आइरेसपासून उत्तर अमेरिकेतील संयुक्त संस्थानांपर्यंत घोड्यावरून जाण्याचा बेत त्याने त्यांच्यापुढे मांडला. अंतर सुमारे दहा हजार मैलांचे, म्हणजे सोळा हजार किलोमीटरांचे होते. वाटेत अँडीज पर्वत, पेरूची वाळवंटे आणि मध्य अमेरिकेची निबिड अरण्ये होती. सोलानेत यांनी त्याला आपल्याकडील दोन घोडे दिले. एकाच्या अंगावर तांबडे-पांढरे ठिपके होते, म्हणून त्याचे नाव मांचा, म्हणजे ठिपक्या. दुसरा पिंगट रंगाचा होता. त्याचे नाव गातो, म्हणजे मांजर. दोघांनीही वयाची पंधरा वर्षे ओलांडली होती. या वयाचा घोडा बहुतेक लोक निवृत्त समजतात. शिवाय दोघेही अर्धवट रानटी होते. राजधानीतील तबेल्यात त्यांना बांधले, तेव्हा पुढ्यात घातलेल्या उत्तम चंदीला त्यांनी तोंडही लावले नाही. अंथरलेले वाळके गवत मात्र आवडीने खाल्ले. शहरातील लाड त्यांना ठाऊकच नव्हते आणि हीच त्यांची खरी संपत्ती होती.

चिफेलीचा बेत प्रसिद्ध होताच अनेकांनी त्याला वेड्यात काढले. हा मास्तर आणि त्याची दोन म्हातारी तट्टे पहिल्या डोंगरापर्यंतही जगणार नाहीत, असे भाकीत जाणती माणसेही करू लागली. चिफेलीने त्यांच्याशी वाद घातला नाही. तथापि आपल्या शिरावर केवढी जबाबदारी आहे, हे तो जाणून होता. त्याला स्वतःला अपयश आले असते, तर एका मास्तराचे हसे झाले असते, एवढेच. परंतु घोडे वाटेत मेले असते, तर दोन निरपराध जीव गेले असते आणि एका चांगल्या जातीवर नालायकीचा शिक्का कायमचा बसला असता. म्हणून त्याने निघण्यापूर्वीच एक निश्चय केला. प्रवासात आधी घोड्यांची सोय पाहायची, मग आपली.

एप्रिल १९२५ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी तो निघाला. एका घोड्यावर तो स्वतः बसे आणि दुसऱ्याच्या पाठीवर सामान असे. ओझे वाटले जावे म्हणून तो घोडे आलटून पालटून वापरी. सामान अगदी मोजके होते. तंबूचे वजन घोड्यांना जड होईल, म्हणून त्याने तंबू घेतलाच नाही. मेंढीची कातडी घातलेले खोगीर हेच रात्री त्याचे अंथरूण होई. दमदार चाल ठेवायची, उगाच दौड करायची नाही, अवघड चढ-उतार आला की खाली उतरून पायी चालायचे, असे त्याचे नियम होते. मुक्कामावर पोचताच प्रथम खोगीर उतरवून पाठ तपासावी, खूर आणि नाल पाहावेत, चारा-पाण्याची व्यवस्था लावावी आणि मगच स्वतः जेवावे, हा क्रम त्याने पाळला. दूर पल्ल्याच्या रपेटीचे सारे शास्त्र या साध्या नियमांत सामावलेले आहे. खोगिराखाली पडलेली लहानशी सुरकुती घोड्याची पाठ सोलवटते. ती जखम चिघळली की बलदंड घोडाही निकामी होतो. खुरात अडकलेला एक खडा महिन्याभराचा प्रवास थांबवू शकतो. मोठ्या संकटांपेक्षा अशा लहान दुर्लक्षांनीच बहुतेक प्रवास मोडतात.

अर्जेंटिनाच्या उत्तरेकडील डोंगराळ दऱ्या ओलांडून ही त्रयी बोलिव्हियाच्या उंच पठारावर आली. तेथील हवा विरळ असते. नवख्या माणसाला धाप लागते, डोके ठणकते. पोतोसीच्या पुढे एल कोंदोर नावाची खिंड आहे. समुद्रसपाटीपासून पाच हजार मीटरांहून अधिक उंचीवरची ही वाट हाडे गोठवणाऱ्या थंडीत त्यांनी पार केली. पंपासच्या सपाटीवरून आलेले घोडे या हवेत टिकतील की नाही, याची शंका अनेकांना होती. पण चिफेलीने घाई केली नाही. घोड्यांना दम लागला की तो थांबे; त्यांचा श्वास पूर्ववत झाल्याशिवाय तो पुढचे पाऊल टाकीत नसे.

याच प्रवासात घोड्यांनीही आपल्या स्वाराला एक धडा शिकवला. एके ठिकाणी वाटेत उथळ पाण्याचा पट्टा लागला. पाणी जेमतेम चार बोटे खोल दिसत होते. परंतु गातो त्यात पाऊल टाकीना. चिफेलीने त्याला पुढे रेटण्याचा प्रयत्न केला, तरी तो फुरफुरत मागेच सरे. इतक्यात एक स्थानिक मनुष्य धावत आला आणि पाण्याखाली माणसाला व जनावराला गिळून टाकणारी रेती आहे, असे त्याने खुणावून सांगितले. पॅटागोनियाच्या दलदलीच्या मुलुखात वाढलेल्या गातोला जे कळले, ते शिकलेल्या मास्तराला कळले नव्हते. त्या दिवसापासून घोडा जेथे अडला, तेथे त्याच्यावर बळजबरी करायची नाही, असे चिफेलीने ठरवले.

पेरूमध्ये संकटांची परंपराच सुरू झाली. एका अरुंद कड्यावरून जाताना गातोचा पाय घसरला आणि तो उतारावरून खाली घरंगळत गेला. सुदैवाने उतारावर एकुलते एक झाड होते. त्याला तो अडकला आणि खालच्या खोल दरीत पडण्यापासून वाचला. मोठ्या कष्टाने त्याला वर काढण्यात आले. दुसऱ्या एका ठिकाणी खोल दरीवर झुलता पूल होता. त्याच्या तळाशी आडव्या काठ्या अंथरलेल्या होत्या आणि मध्यभागी तो खाली झुकलेला होता. एक वाटाड्या दोर धरून पुढे चालला, चिफेली मांचाची शेपूट धरून मागून त्याच्याशी हळू आवाजात बोलत राहिला आणि तो घोडा डोंबाऱ्याच्या कौशल्याने एकेक पाऊल तोलीत पलीकडे गेला. त्याच्या पाठोपाठ गातोनेही तो पूल पार केला. खालच्या उष्ण खोऱ्यांत रात्री रक्त शोषणारी वटवाघळे घोड्यांवर तुटून पडत. तेथे त्यांची राखण करावी लागे.

लिमा शहराच्या उत्तरेला समुद्रकाठी जे वाळवंट पसरले आहे, त्याच्या एका भागाला घोडेमाऱ्या अशा अर्थाचे नाव आहे. सुमारे दीडशे किलोमीटरांच्या या टापूत पाण्याचा थेंब नाही. कोणीही सामान्य प्रवासी अशा वेळी पाण्याच्या पखाली भरून घेतो. चिफेलीने मात्र वेगळा हिशेब केला. घोड्यांना पुरेल इतके पाणी लादले, तर त्या ओझ्यानेच ते थकतील, त्यांना अधिक घाम येईल आणि वाटही लांबेल. त्यापेक्षा हलक्या पाठीने रात्रीच्या गारव्यात निघावे आणि ऊन असह्य होण्यापूर्वी शक्य तितके अंतर तोडावे, हे बरे. त्याने तसेच केले. सुमारे वीस तासांच्या अखंड वाटचालीनंतर घोड्यांना दुरूनच नदीच्या ओलाव्याचा वास आला आणि थकलेल्या पायांत नवे बळ संचारले. सूर्य, वाळू आणि ओझे यांचे गणित अचूक मांडल्यामुळेच तिघांचे प्राण वाचले. धाडस म्हणजे आंधळी उडी नव्हे. पूर्ण विचारान्ती उचललेले पाऊल म्हणजेच धाडस होय.

पुढे इक्वेडोर आणि कोलंबिया हे देश मागे पडले. कोलंबिया आणि पनामा यांच्यामधील दलदलीचे जंगल घोड्यांना दुस्तर होते. म्हणून चिफेलीने तेवढा टप्पा जहाजाने पार केला. निकाराग्वामध्ये त्या वेळी यादवी युद्ध पेटले होते. तो देशही त्याने समुद्रमार्गाने टाळला. हट्टाने त्याच वाटेने जाऊन घोड्यांचा बळी देण्यात त्याला पुरुषार्थ वाटला नाही. मेक्सिकोत गातोच्या पायाला मोठी इजा झाली. त्या पायावर त्याला चालवणे चिफेलीच्या मनाला पटेना. त्याने गातोला आगगाडीने मेक्सिको शहरी पाठवले आणि तो मांचाला घेऊन पुढे निघाला. बंडाळीमुळे वाटा धोक्याच्या झाल्या होत्या. काही भागात तेथील सरकारने त्याच्या सोबतीला सैनिक दिले. गातोचा पाय बरा झाला आणि राजधानीत दोघे सोबती पुन्हा एकत्र आले.

या दोन वर्षांत माणूस आणि जनावर यांच्यातील अंतर जवळजवळ नाहीसे झाले होते. मांचा परक्याला जवळ येऊ देत नसे आणि चिफेलीखेरीज दुसऱ्या कोणाला पाठीवर बसू देत नसे. गातो स्वभावाने गरीब, सांगितलेले मुकाट्याने करणारा. एकांतात मुक्काम पडला, तरी चिफेली रात्री त्यांना बांधीत नसे. ते मोकळे चरत आणि पहाटे त्याच्या अवतीभवतीच सापडत. ज्या घोड्यांना पहिल्या दिवशी तबेल्यात धरून ठेवणे कठीण गेले, ते आता दोरीवाचून बांधले गेले होते.

संयुक्त संस्थानांत शिरल्यावर वाट गुळगुळीत झाली. परंतु धोका संपला नाही. ज्या घोड्यांना पर्वत अडवू शकले नाहीत, त्यांना मोटारींची भीती निर्माण झाली. सडकांवरून भरधाव गाड्या धावत असत. अशा रहदारीतून दोन घोडे सांभाळून नेणे धोक्याचे आहे, हे ओळखून चिफेलीने गातोला सेंट लुइस येथे ठेवले आणि शेवटचा टप्पा एकट्या मांचासह पार केला. १९२८ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस तो वॉशिंग्टनला पोचला. निघाल्यापासून तीन वर्षे चार महिने लोटले होते. अध्यक्ष कूलिज यांनी त्याची भेट घेतली. पुढे न्यूयॉर्क येथेही नगरपतींनी त्याचा सत्कार केला आणि दोन्ही घोडे पाहण्यासाठी लोकांची झुंबड उडाली. ज्यांना म्हातारी तट्टे म्हणून हिणवले होते, ते दोघेही जिवंत आणि धडधाकट होते. चिफेलीला आपल्या यशाची याहून मोठी साक्ष नको होती.

घोड्यांना मायदेशी परत नेण्यासाठी त्याने व्हेस्ट्रिस नावाच्या जहाजाने जाण्याचे ठरवले होते. पण नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीने त्याला व्याख्यानासाठी आमंत्रण दिल्याने त्याचे जाणे लांबले. १२ नोव्हेंबर १९२८ रोजी ते जहाज अटलांटिक महासागरात बुडाले आणि शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली. चिफेली आणि त्याचे घोडे केवळ दैवयोगाने बचावले. नंतर दुसऱ्या जहाजाने तो त्यांना घेऊन अर्जेंटिनाला गेला. मोठे मोल घेऊन ते घोडे विकणे, किंवा गावोगाव त्यांचे प्रदर्शन मांडणे त्याला अशक्य नव्हते. परंतु त्यांनी आपले काम पुरे केले आहे, आता त्यांना विसावा मिळाला पाहिजे, ही त्याची भावना होती. मांचा आणि गातो सोलानेत यांच्या एल कार्दाल शेतवाडीवर परतले. त्यांच्या पाठीवर पुन्हा असे ओझे पडले नाही. गातो १९४४ साली मरण पावला. तेव्हा त्याने पस्तिशी ओलांडली होती. मांचा १९४७ पर्यंत, म्हणजे चाळिशीच्या घरात पोचेपर्यंत जगला. घोड्याचे सामान्य आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या महायात्रेने त्यांची शक्ती झिजवली नव्हती, हे उघड होते.

चिफेलीने या प्रवासाचे वर्णन लिहिले. ते १९३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले आणि फार लोकप्रिय ठरले. पुढे त्याने आणखीही पुस्तके लिहिली. १९५४ साली लंडन येथे त्याचे निधन झाले.

त्याच्या मृत्यूनंतर पुढच्याच वर्षी, १९५५ साली, वेंडेल रोबी नावाच्या घोडेस्वाराने काही सोबत्यांसह कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून शंभर मैलांची रपेट चोवीस तासांच्या आत पुरी केली. त्यातूनच टेव्हिस चषकाची प्रसिद्ध स्पर्धा उदयास आली आणि दूर पल्ल्याची अश्वारोहण-स्पर्धा हा स्वतंत्र खेळ म्हणून अनेक देशांत रूढ झाला. या खेळाचे नियम मोठे बोधप्रद आहेत. वाटेत ठिकठिकाणी पशुवैद्य घोड्याची नाडी, श्वास आणि पाय तपासतात. ठरलेल्या वेळात नाडी शांत झाली नाही, किंवा घोडा लंगडताना आढळला, तर स्वार कितीही पुढे असला, तरी त्याला तेथेच थांबावे लागते. मुक्काम गाठल्यावरही ही तपासणी चुकत नाही. टेव्हिस स्पर्धेत पहिल्या दहा घोड्यांपैकी ज्याची प्रकृती सर्वांत उत्तम, त्याला १९६४ सालापासून हॅगिन चषक हे स्वतंत्र पारितोषिक दिले जाते. चिफेलीने एकट्याने आपल्या विवेकाच्या आधारे जे नियम पाळले, त्याच वृत्तीचे नियम पुढे या खेळाने लेखी स्वरूपात स्वीकारले.

अर्जेंटिनाने या तिघांना विस्मृतीत जाऊ दिले नाही. मांचा आणि गातो यांची शरीरे लुहान येथील संग्रहालयात जतन करून ठेवली आहेत. ते न्यूयॉर्कला पोचल्याची आठवण म्हणून २० सप्टेंबर हा दिवस त्या देशात अश्वदिन म्हणून पाळला जातो. १९९८ साली चिफेलीच्या अस्थी एल कार्दाल येथे आणण्यात आल्या. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला आणि लंडनमध्ये निवर्तलेला हा स्वार अखेर आपल्या घोड्यांच्या कुरणात विसावला. दूरचा पल्ला गाठायचा असेल, तर ज्यांच्या बळावर आपण चालतो, त्यांच्या सुखदुःखाची काळजी प्रथम वाहिली पाहिजे, हे त्याचे जीवन सांगते.